मुकादमाच्या जागी पदवीधर

एचआरच्या विद्यार्थ्यांना आपल्या अभ्यासक्रमाबद्दल समाधान वाटते का, हे विचारण्याची आता रीतच पडली आहे. नॅकने २०१७ मध्ये मूल्यांकनाची चौकट बदलली, तेव्हा विद्यार्थी-समाधानाचे सर्वेक्षण तिचा भाग झाले आणि महाविद्यालये हा प्रश्न अधिकच मनावर घेऊ लागली. वर्गात शिकवतात ते नोकरीत लागत नाही आणि नोकरीत लागते ते वर्गात कोणी शिकवत नाही, ही त्यातली जुनी तक्रार. तिच्यावरचा उताराही ठरलेला असतो : अभ्यासक्रम शिळा झाला आहे, कंपन्यांना विचारून तो ताजा करा. हे म्हणणे अगदीच खोटे नाही, पण वरवरचे आहे. माणसे नेमणे, सांभाळणे आणि प्रसंगी काढणे या कामाचे रीतसर शिक्षण मुंबईत सुरू होऊन नव्वद वर्षे होत आली. या काळात ते आधी समाजकार्य म्हणून शिकवले गेले, मग कामगार कल्याण म्हणून, मग पर्सोनेल मॅनेजमेंट आणि शेवटी एचआर म्हणून. पाट्या बदलल्या, पेपर बदलले, पुस्तके बदलली. औषध इतक्या वेळा बदलूनही गुण येत नसेल, तर रोग वेगळा असावा असा संशय घ्यायला हरकत नाही. माझे म्हणणे असे, की या कामाला लागणाऱ्या कसबाचे पहिल्यापासूनच दोन वाटे पडले. ज्याची परीक्षा घेता येते तो वाटा वर्गात आला. ज्याची परीक्षा घेता येत नाही, तो कारखान्याच्या दाराशीच राहिला. विद्यार्थ्याचे समाधान पहिल्या वाट्यावर मोजले जाते आणि त्याची क्षमता दुसऱ्या वाट्यावर. मग दोन्हींचा मेळ बसायचा कुठून?

हे वाटे कसे पडले ते पाहायचे तर गिरणगावात जावे लागते. कावसजी नानाभाई दावर यांच्या कंपनीने १८५४ मध्ये मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीचा पाया घातला. पुढे गिरण्या वाढल्या तसा रत्नागिरी, कुलाबा, सातारा, पुण्याकडचा माणूस येत राहिला, पण त्याला कामावर घेणारे कार्यालय असे गिरणीत नव्हतेच. ते काम जॉबर करी. त्याला मुकादमही म्हणत, आणि वाइंडिंग-रीलिंगसारख्या बायकांच्या खात्यांत नायकीण असे. जॉबर खात्यातूनच वर आलेला जुना कामगार. साचा अडला तर तो चालू करून देई, नवख्याला हात बसेपर्यंत शिकवी, आणि कोणी आला नाही तर दाराशी उभ्या असलेल्या घोळक्यातून माणूस उचलून त्याच्या जागी लावी. कोण कोणाचा पाहुणा, कोण भातलावणीला गावी जाणार, कोणाच्या हाताखाली कोणाला दिले तर भांडण होईल, हे सगळे त्याला तोंडपाठ असे. आज ज्यांना भरती, प्रशिक्षण, हजेरी, शिस्त आणि तक्रार-निवारण अशी वेगवेगळी खाती म्हणतात, ती सारी त्याच्या एका डोक्यात होती. आणि तो त्या डोक्याचे भाडे वसूल करी. नोकरी लावून देण्याची दस्तुरी घेई, अडल्यानडल्याला पैसे देऊन व्याज लावी, खोली किंवा खानावळ मिळवून देण्यातही त्याचा हात असे. नापसंत माणसाला काढायचे तर कारण सांगण्याची त्याला गरज नव्हती. म्हणजे क्षमता पुरेपूर, उत्तरदायित्व शून्य. गिरणीमालकांना ही सोय बरीच वर्षे स्वस्त पडली. माणसांची कटकट परस्पर मिटत होती, आणि मिटली नाही तर दोष जॉबरच्या माथी मारता येत होता.

या व्यवस्थेची सर्वांत गाजलेली तपासणी जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालच्या रॉयल कमिशनने केली. १९२९ मध्ये नेमलेल्या या कमिशनचा अहवाल १९३१ मध्ये आला. त्याच्या सदस्यांत गिरणीमालक सर व्हिक्टर ससून होते आणि कामगारांचे पुढारी ना. म. जोशीही होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्यातल्या एका शिफारशीचे वजन कळते. जॉबरच्या हातून नेमणूक आणि बडतर्फी काढून घ्यावी आणि ती एका लेबर ऑफिसरकडे द्यावी, असे कमिशनने सुचवले. हा अधिकारी खातेप्रमुखांच्या नव्हे, थेट जनरल मॅनेजरच्याच हाताखाली असावा. खातेप्रमुखांचा सल्ला घेऊन माणूस त्यानेच नेमावा, आणि त्याच्या संमतीशिवाय कोणाला काढू नये. संमतीशिवाय काढायचेच झाले तर मॅनेजरने स्वतः, या अधिकाऱ्याचे म्हणणे ऐकून घेतल्यावर. पुढे कमिशनने अशा माणसाच्या अंगी काय असावे तेही सांगितले आहे, आणि माझ्या दृष्टीने तोच भाग सर्वांत मोलाचा. सचोटी, व्यक्तिमत्त्व, उत्साह, माणूस ओळखण्याची हातोटी आणि कामगारांशी बोलता येईल असे भाषाज्ञान. या पेशाच्या क्षमतांची भारतातली ही बहुधा सर्वांत स्पष्ट जुनी यादी. तिच्यात पदवी नाही, कायद्याचे ज्ञान नाही, हिशेबही नाही. पाचांपैकी चार गोष्टी तर अशा, की त्यांचा पेपर काढायचा म्हटले तर प्राध्यापकाला घाम फुटावा. बारकाईने पाहिले तर ही यादी जॉबरवरूनच बेतलेली आहे. माणूस ओळखणे आणि त्याच्या बोलीत बोलणे जॉबरला येतच होते. कमिशनने त्याच्या आधी सचोटी लिहिली, एवढाच काय तो फरक, पण सगळा फरक त्यातच होता.

मुंबईत या शिफारशीला हात लवकर लागला. १९३४ च्या कायद्याने तंट्यांच्या मिटवणुकीसाठी यंत्रणा उभी केली आणि कामगारांची बाजू मांडणारा सरकारी लेबर ऑफिसर आला. १९३५ मध्ये गिरणीमालक संघाने बदली कामगारांच्या नेमणुकीला शिस्त लावण्याची योजना काढली. ती कशी चालायची ते पाहण्यासारखे आहे. महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरावीक माणसांना बदलीची कार्डे मिळत. त्यांनी रोज सकाळी गिरणीवर यायचे, आणि त्या दिवशीच्या रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या. दाराशी उभ्या असलेल्या कोणालाही उचलण्याची जॉबरची मुभा या पुठ्ठ्याच्या तुकड्याने कमी केली, निदान कागदावर तरी. प्रत्यक्षात जॉबर काही एका रात्रीत नाहीसा झाला नाही. कार्ड कोणाला द्यायचे हे अधिकाऱ्याने ठरवायचे, पण उभ्या असलेल्या माणसांपैकी कामाचा कोण हे त्याला कोण सांगणार? जॉबरच. अधिकार ऑफिसात आला आणि माहिती खात्यातच राहिली. एचआरच्या नव्या पदवीधराची पहिल्या वर्षातली अडचण याहून फार वेगळी नसते. सहीचा अधिकार त्याच्याकडे असतो, पण सुपरवायझर सांगेल तेच त्याला माणसांबद्दल ठाऊक असते.

ही फट बुजवायची तर माहिती स्वतः मिळवू शकणारा माणूस तयार करायला हवा, आणि तशी तयारी करणारी शिक्षणपद्धती मुंबईतच घडत होती. ना. म. जोशींनी १९११ मध्ये सुरू केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने १९२० मध्ये समाजसेवेचे काम करणाऱ्यांसाठी एक छोटा प्रशिक्षण वर्ग चालवला होता. त्यानंतर १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क निघाले. हेच पुढे १९४४ पासून टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, म्हणजे सगळ्यांचे टिस. त्याचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे. नागपाड्यात त्यांनी नेबरहुड हाऊस चालवले होते, आणि शाळा भरू लागली तीही तिथेच. कामगार वस्तीच्या मध्यावर हा वर्ग बसला यात योगायोग नव्हता. समाजकार्याच्या शिक्षणात फील्डवर्क हा पेपरांच्या बरोबरीचा भाग मानला जाई : विद्यार्थ्याने ठरलेल्या दिवशी वस्तीत, दवाखान्यात किंवा कारखान्यात जायचे, पाहिलेले लिहून काढायचे, आणि ते लिखाण समोर ठेवून अनुभवी पर्यवेक्षकाने त्याची उलटतपासणी घ्यायची. तू काय पाहिलेस आणि तुला काय वाटले, यांतला फरक काढून दाखवायचा. माणूस ओळखण्याची हातोटी शिकवता येत असेल तर ती याच रीतीने येते. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, मुंबई सरकारने लेबर ऑफिसर आणि तत्सम कामासाठी बॉम्बे लेबर इन्स्टिट्यूट काढली. परळची ही संस्था आता नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव लावते. गिरणीत स्टोअरकीपर म्हणून काम केलेल्या आणि १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारणाऱ्या माणसाचे नाव व्यवस्थापनाकडचे अधिकारी घडवणाऱ्या संस्थेला असणे मला फार योग्य वाटते. लोखंड्यांइतकी गिरणीच्या दोन्ही बाजू पाहिलेली माणसे थोडीच. जमशेदपूरला १९४९ मध्ये एक्सएलआरआय निघाली. म्हणजे बारा-तेरा वर्षांत या शिक्षणाचे मुख्य नमुने उभे राहिले, आणि या सगळ्यांच्या मुळाशी कारखान्याशी थेट संबंध होता.

मग १९४८ चा फॅक्टरी अॅक्ट आला, आणि माझ्या मते या इतिहासाचे वळण तिथे आहे. त्याच्या ४९ व्या कलमाने ५०० किंवा त्याहून अधिक कामगारांच्या कारखान्यात वेल्फेअर ऑफिसर सक्तीचा केला, आणि त्याची पात्रता व कामे ठरवण्याचे अधिकार राज्यांना दिले. कायदा चांगलाच होता. पण कायद्याला सचोटी तपासता येत नाही, व्यक्तिमत्त्व मोजता येत नाही. त्याला हवा असतो कागद. म्हणून नियमांत पदवी आली, समाजशास्त्रीय शिक्षणाची मान्यताप्राप्त पदविका आली, आणि बहुसंख्य कामगारांच्या भाषेचे ज्ञान आले. १९३१ च्या यादीतली फक्त भाषा तेवढी नियमांपर्यंत पोचली, बाकी चारांच्या जागी प्रमाणपत्र बसले. यात कोणाची लबाडी नव्हती. लाखो माणसांना लागू होणारा नियम करताना दुसरे काही शक्यही नव्हते. परिणाम मात्र दूरगामी झाला. हे प्रमाणपत्र नोकरीचे दार उघडते म्हटल्यावर ते देणारे वर्ग गावोगाव निघाले. नागपुरात, पुण्यात समाजकार्याच्या संस्था आल्या, विद्यापीठांत एमएसडब्ल्यू, एमपीएम, कामगार कायद्याचा डीएलएल असे अभ्यासक्रम रुळले. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांना माणसे हवीच होती. त्या काळच्या विद्यार्थ्याचे समाधान कोणी मोजले नाही, पण ते कशावर अवलंबून होते ते उघड आहे : कायद्याने राखून ठेवलेल्या जागेवर. अभ्यासक्रमाने आपल्याला काय शिकवले यापेक्षा त्याने आपल्याला पात्र ठरवले, हे पुरेसे होते.

कायद्याने आणखी एक पेच तयार केला आणि तो अभ्यासक्रमात कधीच नीट आला नाही. वेल्फेअर ऑफिसरने कामगारांच्या तक्रारी व्यवस्थापनाकडे न्याव्यात, व्यवस्थापनाचे धोरण कामगारांना समजावून सांगावे, कँटीन, पाळणाघर, पिण्याचे पाणी यांकडे पाहावे, दोघांत सलोखा राखावा, असे नियम सांगतात. अनेक राज्यांच्या नियमांत असेही आहे, की त्याने कामगाराविरुद्धची शिस्तभंगाची प्रकरणे हाताळू नयेत आणि कामगाराच्या विरोधात व्यवस्थापनातर्फे कोर्टात उभे राहू नये. पण त्याचा पगार देतो कारखानदार. मध्यम आकाराच्या कारखान्यात वेल्फेअर आणि पर्सोनेल ही दोन माणसे ठेवणे मालकाला परवडत नसे, किंवा परवडले तरी पटत नसे. मग तोच माणूस सकाळी कँटीनच्या डाळीची तक्रार ऐकणार आणि दुपारी तक्रार करणाऱ्याचीच चार्जशीट टाइप करून घेणार. हा अधिकारी कोणाचा, हा प्रश्न न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांच्या अध्यक्षतेखालच्या पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगाच्या काळापर्यंत, म्हणजे १९६९ पर्यंत चर्चेत होता. त्याला सरकारी पगारावर ठेवावे असेही म्हणणारे होते, ते टिकले नाही. आणि टिकायला नको होते असे मलाही वाटते, कारण बाहेरून लादलेला माणूस कारखान्यात पाहुणाच राहतो. पण प्रश्न निकालात निघाला नाही म्हणून वर्गातही तो टाळायचा, हे काही पटणारे नाही. दोन धन्यांच्या मध्ये उभे राहण्याची तयारी हीच या पेशाची मध्यवर्ती क्षमता आहे, आणि तिच्यावर गुण नसल्यामुळे तिला वेळही मिळाला नाही.

डोमेस्टिक एन्क्वायरीचे, म्हणजे शिस्तभंगाच्या अंतर्गत चौकशीचे, उदाहरण घेतले म्हणजे दोन वाटे स्पष्ट दिसतात. विद्यार्थ्याला नैसर्गिक न्यायाची तत्त्वे पाठ असतात : आरोप आधी कळला पाहिजे, बाजू मांडायला संधी मिळाली पाहिजे, चौकशी करणारा निःपक्षपाती हवा. परीक्षेत त्यावर दहा गुण मिळतात. कारखान्यात आरोपपत्र लिहायला घेतले की पहिलाच सुपरवायझर सांगतो, लिहा, माणूस उद्धट आहे. उद्धट हा आरोप नव्हे. कोणत्या तारखेला, कोणत्या पाळीत, कोणत्या मशीनजवळ, कोणाला काय बोलला, आणि स्टँडिंग ऑर्डर्सच्या, म्हणजे कारखान्याच्या लेखी नियमांच्या, कोणत्या कलमात ते बसते, हे काढून घ्यायचे तर सुपरवायझरचा रुसवा पत्करावा लागतो. पुढे चौकशीत कामगार मराठीत सांगतो आणि कामकाज इंग्रजीत उतरवले जाते. पानाच्या तळाशी वाचून दाखवले, समजले, मान्य, अशी ओळ असते आणि तिच्याखाली सही. ते खरोखर वाचून दाखवले का, सांगितलेल्यातला अर्थ इंग्रजीत तसाच उतरला का, कामगाराने मान डोलावली ती समजून की कंटाळून, हे पाहणारा तिथे एकच माणूस असतो. प्रकरण पुढे लेबर कोर्टात गेले की याच पानांचा कीस पडतो, आणि तोवर दोन-चार वर्षे उलटून गेलेली असतात. १९३१ च्या यादीतले भाषाज्ञान आणि सचोटी म्हणजे काय, ते या एका पानावर कळते. नैसर्गिक न्यायाचा पेपर चुकीचा नाही. तो अर्धा आहे, आणि उरलेला अर्धा पर्यवेक्षकाच्या नजरेखाली एखादी चौकशी बसून पाहिल्याशिवाय येत नाही.

सत्तरच्या दशकापासून या पेशाचे दुसऱ्यांदा रूपांतर झाले. त्याची कथा मोठी आहे पण इथे थोडक्यात भागते. उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांनी १९७४-७५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या कर्मचारी-मूल्यमापनाचा अभ्यास करून मनुष्यबळ विकासाचा स्वतंत्र विभाग सुचवला. माणूस हा सांभाळायचा खर्च नसून वाढवायची ताकद आहे, हा त्यातला विचार खरोखर नवा होता. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि गिरणगाव पुन्हा पूर्वीसारखे उभे राहिले नाही. १९८५ मध्ये नॅशनल एचआरडी नेटवर्क स्थापन झाले. त्याच वर्षी केंद्राच्या शिक्षण मंत्रालयालाही मनुष्यबळ विकास हे नाव मिळाले. १९९१ नंतर युनियनशी वाटाघाट करू शकणाऱ्या जुन्या पर्सोनेल ऑफिसरचा भाव उतरला आणि मुलाखती, मूल्यमापन, प्रशिक्षण जाणणाऱ्याचा चढला. अभ्यासक्रमही त्याच दिशेने वळले. कामगार कायदा सक्तीच्या पेपरांतून आक्रसला आणि जिथे एकेकाळी फील्डवर्क होते तिथे उन्हाळी इंटर्नशिप आली. फील्डवर्कमध्ये विद्यार्थ्याच्या निरीक्षणाची झडती होत असे. इंटर्नशिपमध्ये बहुतेक वेळा कंपनीचे एखादे अडलेले काम होते आणि शेवटी एक सादरीकरण. विद्यार्थ्याला दुसरे अधिक आवडते यात नवल नाही, कारण त्यात कोणी चुका काढत नाही आणि बायोडेटात ओळ वाढते.

याच काळात क्षमतांची भाषाही बाहेरून आली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९७३ मध्ये मांडले होते, की बुद्धिमापन चाचण्या आणि परीक्षेतले गुण यांवरून माणूस कामात कसा निघेल हे नीट कळत नाही; कामात उत्तम असणारी माणसे प्रत्यक्षात काय करतात ते पाहा आणि तेच तपासा. डेव्ह उल्रिच यांनी १९९७ मध्ये एचआरच्या चार भूमिका सांगितल्या, आणि त्यातली एक कर्मचाऱ्यांची बाजू धरणाऱ्याची होती. आपल्याकडच्या वर्गांनी हे सगळे आयात केले, पाठ केले, आणि त्यावरही पेपर काढला. परीक्षेने क्षमता कळत नाही, हा सिद्धांत परीक्षेत दहा गुणांसाठी लिहून घेण्याची गंमत फारशी कोणाच्या लक्षात आली नसावी. व्हिटली कमिशनने १९३१ मध्ये जे लिहिले होते, त्याची आठवणही या वर्गांत क्वचितच निघते.

समाधानाच्या मोजमापाचेही तसेच. प्रशिक्षणाचे मूल्यमापन कसे करावे यावर डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये चार पायऱ्या सांगितल्या, आणि एचआरचा प्रत्येक विद्यार्थी त्या शिकतो. प्रशिक्षणार्थीला कसे वाटले ही पहिली आणि सर्वांत खालची पायरी, मग तो काय शिकला, मग कामावर त्याचे वागणे बदलले का, आणि शेवटी संस्थेला काय मिळाले. कंपनीत उद्या कोणी फक्त पहिल्या पायरीचे आकडे पुढे केले, तर हाच विद्यार्थी त्यांना कच्चे म्हणेल. पण त्याच्या स्वतःच्या दोन वर्षांचा निवाडा मात्र त्याच पायरीवर होतो.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. विद्यार्थी लाखांनी फी भरतो, कर्ज काढतो, त्याच्या समाधानाला किंमत नाही असे म्हणणे म्हणजे संस्थांच्या हातात कोलीत देणे. हा आक्षेप मला मान्य आहे, पण त्यातल्या दोन तक्रारी वेगळ्या करायला हव्यात. शिकवणारा वर्गावर येत नाही, नोकरीच्या जाहिरातीत सांगितले ते खरे नव्हते, कारखान्याची एकही भेट झाली नाही, या तक्रारी करणारा विद्यार्थी पूर्ण बरोबर आहे आणि त्या मोजल्याच पाहिजेत. कायदा रटाळ वाटला, अहवाल लिहून घेताना छळले, वस्तीत किंवा शॉपफ्लोअरवर फार फिरवले, ही तक्रार मात्र दहा वर्षांनी पुन्हा विचारावी. या दोन्हींची एकच सरासरी काढली, तर संस्था साहजिकच सोपा मार्ग धरते : शिकवणे सुधारण्यापेक्षा छळ कमी करणे स्वस्त पडते.

दुसरा आक्षेप जाणत्या अधिकाऱ्यांकडून येतो. सचोटी, माणसाची पारख या गोष्टी शिकवून येतच नाहीत. पदवी घ्या, कामाला लागा, अनुभव शिकवेल. याला उत्तर म्हणून जॉबरच पुढे करता येतो. अनुभवाने माणूस तयार होतो हे त्याने सिद्ध केले, आणि कसा माणूस तयार होतो हेही. कोणी प्रश्न न विचारलेला अनुभव धूर्तपणा शिकवतो. नागपाड्यात रुजलेल्या त्या रीतीचे वेगळेपण अनुभवात नव्हते, अनुभवाचा जाब घेण्यात होते. ती महाग आहे, कारण एका पर्यवेक्षकाला मोजकेच विद्यार्थी सांभाळता येतात. साठ-सत्तरांच्या वर्गात ती परवडत नाही हे खरे, पण परवडत नाही आणि शक्य नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार. गिरण्या गेल्या, मॉल आले. एचआरचा विद्यार्थी आता हिंजवडीत जातो, तिथे ना मस्टर ना पाळी, मग गिरणगावची ही ओझी कशाला? त्याला आकडेवारी, सॉफ्टवेअर, पगारपत्रकाचे गणित शिकवा. ते शिकवावेच, त्याबद्दल वाद नाही. पण त्याच हिंजवडीतल्या इमारतीच्या दाराशी उभा असलेला सुरक्षारक्षक, जिने पुसणारी बाई, कँटीनमध्ये भांडी घासणारा मुलगा हे बहुधा ठेकेदाराचे असतात. चाकण-रांजणगावच्या कारखान्यांतही लाइनवर उभ्या असलेल्यांपैकी किती जण कायम आणि किती कंत्राटी, हा तिथल्या प्रत्येक वादाचा विषय. माणूस आणणे, त्याला खोली पाहून देणे, उचल देणे, नको झाला की उद्यापासून येऊ नको म्हणणे, हे सगळे ठेकेदार करतो. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने मूळ मालकावरही जबाबदारी टाकली, तरी रोजचा व्यवहार ठेकेदाराच्याच हाती आहे. हा नवा जॉबर आहे, फक्त त्याच्याकडे जीएसटीचा नंबर आहे. आणि कंपनीतला एचआर अधिकारी १९३५ च्या लेबर ऑफिसरच्याच जागी उभा आहे : बिलावर सही त्याची, माणसांची माहिती ठेकेदाराची. पगारपत्रकाचे सॉफ्टवेअर ठेकेदाराने दिलेली हजेरी अचूक जोडून देईल. ती हजेरी खरी आहे का, आणि बँकेत जमा झालेल्या पगारातून परत रोख कोणी मागून घेतले का, हे त्याला कळणार नाही. ते त्या माणसाशी त्याच्या भाषेत बोलणाऱ्यालाच कळेल, आणि आता ती भाषा मराठीच असेल असेही नाही. हिंदी, भोजपुरी, ओडिया यांतली कोणतीही असू शकते.

२०२० च्या श्रम संहितांनी या जुन्या प्रश्नाला नवे आकडे दिले आहेत. व्यवसायजन्य सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीच्या संहितेत वेल्फेअर ऑफिसरसाठीची कामगारसंख्या ५०० वरून २५० वर आणली आहे. औद्योगिक संबंध संहितेने मात्र स्टँडिंग ऑर्डर्सची मर्यादा ३०० वर नेली, जी केंद्रीय कायद्यात १०० होती. म्हणजे २५० ते २९९ कामगारांच्या कारखान्यात वेल्फेअर ऑफिसर सक्तीचा असेल आणि आरोपपत्र ज्या कलमावर उभे करायचे त्या स्टँडिंग ऑर्डर्स सक्तीच्या नसतील. अशा ठिकाणी लिखित नियमांची उणीव त्या अधिकाऱ्याच्या विवेकाने भरून काढायची आहे. त्याची पात्रता काय असावी हे पुन्हा नियमच ठरवणार, आणि नियम लिहिणाऱ्यांसमोर पुन्हा तोच सोपा रस्ता आहे : पदवी, पदविका, भाषा. त्यात एक ओळ वाढवता येण्यासारखी आहे. पदविका देणाऱ्या संस्थेने विद्यार्थ्याला किती तास पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली कारखान्यात ठेवले, आणि एका पर्यवेक्षकामागे किती विद्यार्थी होते, हे प्रमाणपत्रावरच छापावे. सचोटी त्यातूनही मोजली जाणार नाही. पण कोणत्या संस्थेने अवघड अर्धा भाग शिकवण्याचा खर्च केला आणि कोणत्या संस्थेने टाळला, हे नेमणूक करणाऱ्याला दिसेल, आणि प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यालाही, समाधानाचा फॉर्म हातात पडण्याच्या दोन वर्षे आधी.